आयता बैल आणि रोजची वैरण



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, की आमची रब्बीची फेरी सुरू होते. अशाच एका फेरीत पेण तालुक्यातल्या एका खारगावी, शाळेच्या ओट्यावर बसून मी वालाच्या बियाण्याला जिवाणू खत कसे चोळायचे ते दाखवत होतो. समोर पंधरा-वीस माणसे होती, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. बोलणे संपत आले आणि मी पिशवी आवरू लागलो, तेवढ्यात मागे बसलेल्या एका वयस्कर काकींनी विचारले,

“सायेब, पेपरान आलंय, शहरांचं गटाराचं पानी साफ कराला सरकार कोटी कोटी रुपये देतंय. मंग आमचे उघाडीशी येतंय ते पानी कवा साफ होनार?”

मी सरकारी नोकर. सवयीने म्हणालो, “काकी, पैसा आला की होईल.”

काकी हसल्या. म्हणाल्या, “पैसा तं आमचे पानीयोजनेच्या मोटारीला पन आलेला. बिल कोनी भरला नाय. मोटार गंजून गेली.”

सगळी मंडळी हसली. मीही हसलो, पण परत येताना मोटारसायकलवर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिले. सांडपाण्याच्या प्रश्नावर मी पुष्कळ परिपत्रके वाचली आहेत. त्या सगळ्यांत मिळून जे मर्म सापडत नाही, ते काकींनी एका वाक्यात सांगितले होते. आयता बैल मिळतो, पण रोजची वैरण कोणी घालायची? त्या दिवशी काकींना नीट उत्तर देता आले नाही. ते आज येथे देण्याचा प्रयत्न करतो.

पाणी किती आणि जाते कोठे?

पहिल्याने आकडा पाहू. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे पेण शहराची वस्ती सुमारे ३८ हजार आणि रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार. आज ती वाढली असणार, पण हिशेबाला तेवढी पुरे. गटारयोजना असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लीटर पाणी लागते असे सरकारी माप आहे. त्यातले सुमारे ८० टक्के पाणी वापरून बाहेर पडते. म्हणजे माणशी १०८ लीटर. या मापाने पेणचे सांडपाणी रोज सुमारे ४१ लाख लीटर आणि रोह्याचे सुमारे साडेबावीस लाख लीटर होते. दोन्ही मिळून ६३ लाख लीटर.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एवढ्या पाण्यात रोज ३० एकर जमिनीला दोन इंच पाणी देता येईल. उन्हाळ्यात घोटभर गोड्या पाण्यासाठी वणवण करणाऱ्या खारपट्ट्याला हे पाणी थोडे नव्हे.

ते जाते कोठे? पाणी उताराकडे जाते. पेणजवळून भोगावती वाहते आणि खाडीला मिळते. रोहा आणि अष्टमी तर कुंडलिकेच्या दोन तीरांवरच वसलेली आहेत. ती नदी पुढे रेवदंड्याशी समुद्राला मिळते. शहराच्या खालच्या अंगाला आपली खाजणे, आपले बाहेरकाठे, आपल्या उघाड्या आणि जिताडा वाढवायची आपली तळी आहेत. शहराने सांडलेले पाणी पहिल्याने पाहतो तो खालचा शेतकरी आणि खालचा कोळी. म्हणून हा नुसता शहराचा प्रश्न नाही. शहराने खर्च केला नाही तर तोच खर्च आपल्या शेतातून आणि आपल्या जाळ्यातून वसूल होतो.

या पाण्यात असते काय?

सांडपाणी म्हणजे नुसते विष, असे समजण्याचे कारण नाही. त्यात नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय पदार्थ आहेत. लीटरला ४० मिलिग्रॅम नत्र धरले तर वरच्या ६३ लाख लीटर पाण्यातून रोज सुमारे २५० किलो नत्र वाहून जाते, म्हणजे युरियाची बारा पोती. हे ऐकले की कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल.

पण त्या बारा पोत्यांबरोबर आणखीही मंडळी येतात. पोटाच्या विकारांचे जंतू, जंताची अंडी, साबणाचा सोडा आणि सडणारा मैला. सडणाऱ्या मैल्यावर सूक्ष्म जिवाणू तुटून पडतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मैला किती प्राणवायू खाणार याच्या मापाला ‘जैविक प्राणवायू मागणी’ म्हणतात. शहराच्या कच्च्या सांडपाण्यात ती लीटरला सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. उलट माशांना जगण्यासाठी पाण्यात लीटरला किमान ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू विरघळलेला असावा लागतो. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले, की ओहोळात पहाटे मासे वर येऊन तोंड का मारतात हे वेगळे सांगायला नको.

पिकाचेही तसेच. भाताला गरजेबाहेर नत्र मिळाले तर ते हिरवेगार फोफावते, शेतकरी खूश होतो, आणि लोंबीवर आल्यावर ते लोळते. तुडतुडे आणि करपा यांनाही असले लुसलुशीत पीकच आवडते. कच्च्या खाण्याच्या भाजीवर हे पाणी घातले तर पानाला चिकटलेले जंत सरळ ताटात येतात.

केंद्र चालते कसे?

सांडपाणी प्रक्रिया केंद्र म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. आपल्याकडे गोबरगॅस आहे, त्यात शेण कुजवण्याचे काम जिवाणू करतात. तेथे हवा लागत नाही. शहराच्या बहुतेक केंद्रांत जे जिवाणू पाळतात त्यांना मात्र हवा लागते, एवढाच मोठा फरक.

पाणी आत आले की आधी जाळीत चिंध्या, पिशव्या अडकतात. मग एका हौदात वाळू-रेती तळाशी बसते. पुढे मोठा हौद असतो. त्यात यंत्राने रात्रंदिवस हवा फुंकतात. त्या हवेवर जिवाणू जगतात आणि मैला खाऊन टाकतात. मग पाणी निवळण्याच्या हौदात जाते, गाळ खाली बसतो, वरचे पाणी क्लोरीन देऊन सोडतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. केंद्राच्या विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज नुसती हवा फुंकायला लागते. ती हवा थांबली की हौदातले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. यंत्र बरेच दिवस बंद राहिले तर कळप मरू लागतो, आणि वीज परत आली तरी तो पुन्हा वाढवायला काही आठवडे लागतात. गोठ्यात गाय बांधली आणि आठवडाभर वैरणपाणी केले नाही, तर आठव्या दिवशी भारा टाकून काय उपयोग?

म्हणजे केंद्राची इमारत, हौद, नळ हे झाले दावे आणि खुंटा. त्यातला खरा बैल जिवंत आहे आणि त्याला रोज खायला लागते.

माझी एक चूक

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. वीस-एक वर्षांपूर्वी कोकणातल्याच दुसऱ्या एका तालुक्यात माझी नेमणूक होती. गावाचे आणि शहराचे नाव सांगण्यात अर्थ नाही; ते कोठेही घडू शकते. तेथल्या छोट्या शहराने सांडपाण्याचे नवे केंद्र बांधले होते. पाणी खरोखर स्वच्छ निघत असे. मी स्वतः बाटलीत भरून पाहिले, तपासणीचा कागद वाचला, आणि खालच्या अंगाच्या एका शेतकऱ्याला सांगितले, “बिनधास्त पाणी घ्या. वांगी करा, लाल माठ करा, पालक करा.”

त्याने अर्ध्या एकरात भाजी केली. पहिला हंगाम उत्तम गेला. घरच्या लक्ष्मीने आठवड्याच्या बाजारात भाजी विकून मुलीच्या शिक्षणाची सोय केली. मी त्या शेताचा फोटो काढून मोठ्या कौतुकाने माझ्या अहवालात लावला.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तो माणूस माझ्या कचेरीत आला. खुर्चीवर बसला नाही. हात पुढे केले. कोपरापर्यंत पुरळ उठले होते. म्हणाला, “साहेब, भाजीला वास मारतो. बाजारात माणसं हात लावत नाहीत. तुम्ही म्हणालात म्हणून पाणी घेतलं.”

मी केंद्रावर गेलो. दाराला कुलूप होते. रखवालदाराने सांगितले, विजेचे बिल थकले म्हणून हवेची यंत्रे कित्येक आठवडे बंद आहेत. पाणी मात्र एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने तसेच जाते. बांधण्यासाठी पैसा वरून आला होता. चालवण्यासाठी कोणाच्याच वहीत खाते नव्हते.

तेव्हा मी पाण्याची तपासणी केली होती. पण या यंत्राचे बिल कोण भरणार, किती वर्षे भरणार, हे विचारले नव्हते. बैलजोडी घेताना आपण दात बघतो, पाय बघतो आणि मग आपल्या परड्यात वैरण किती आहे तेही बघतो. ते शेवटचे बघणे मी विसरलो. त्या माणसाचा एक हंगाम गेला आणि माझ्या शब्दावरचा विश्वास गेला.

बांधायचे पैसे येतात कोठून?

आता पैशाकडे वळू. बांधकामाला पैसा नाही, असे आज म्हणता येणार नाही.

देशात पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ साली झाला. त्याआधीच, १९७० साली, महाराष्ट्राने आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले होते. पण कायदा होऊनही शहरांची गटारे वाहतच राहिली. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात निकाल दिला की सांडपाण्याची केंद्रे उभारणे ही नगरपालिका-महानगरपालिकांची जबाबदारी आहे. त्यासाठी पैसा कसा उभा करायचा याचे नियम त्यांनी ठरवावेत, वापरणाऱ्यांवर कर बसवावा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर राज्य सरकारने भार उचलावा. विशेष म्हणजे न्यायालयाने केंद्र उभारण्याच्या आणि केंद्र चालवण्याच्या, अशा दोन्ही पैशांचा विचार केला. आमच्या काकींचा प्रश्न दिल्लीपर्यंत पोचला होता, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे १ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वच्छ भारत अभियानाचा (नागरी) दुसरा टप्पा पाच वर्षांसाठी सुरू झाला. त्यात एक लाखाच्या आतल्या शहरांच्या सांडपाण्यासाठी पैसा ठेवला आणि केंद्राचा वाटा निम्मा धरला. पेण आणि रोहा या दोन्ही नगरपालिका या मापात बसतात. याशिवाय पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अशा शहरांना दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम बांधून दिली. तिच्यातली निम्मी स्वच्छतेसाठी, आणि निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. ग्रामपंचायतींनाही हाच नियम होता.

आणि नाही केले तर? राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ च्या आदेशात प्रक्रिया न करता सोडलेल्या नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये भरपाईचे माप ठरवले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच लवादाने कचरा आणि सांडपाणी यांच्या व्यवस्थेतील उणिवांबद्दल महाराष्ट्र राज्याला सुमारे १२,००० कोटी रुपयांची भरपाई ठरवली. हा पैसा कोणाच्या खिशातला? तुमच्या-माझ्याच.

पण चालते किती?

आता एक आकडा नीट वाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीत देशातल्या शहरांचे सांडपाणी रोज ७,२३७ कोटी लीटर होते. केंद्रे बांधलेली होती ३,१८४ कोटी लीटरची, आणि प्रत्यक्षात साफ होत होते २,०२४ कोटी लीटर.

पहिले दोन आकडे पाहून सगळे म्हणतात, केंद्रे अपुरी आहेत, आणखी बांधा. ते खरेच आहे. पण दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी ठेवा. बांधून झालेल्या केंद्रांची एकतृतीयांशाहून अधिक ताकद नुसती पडून होती. कोठे गटाराचे नळच केंद्रापर्यंत पोचले नाहीत, कोठे यंत्र बिघडले, कोठे विजेचा पैसा नाही, कोठे माणूस नाही. वाडा बांधला पण अर्ध्या दाव्यांना गुरे नाहीत, असा हा प्रकार.

छोट्या शहराला हे विशेष जड जाते. समजा, एखादे केंद्र चालवायला वर्षाला ६० लाख रुपये लागतात आणि शहरात आठ हजार घरे आहेत. (हा आकडा उदाहरणासाठी घेतला आहे.) घरटी वर्षाला ७५० रुपये झाले, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट रुपये. रक्कम डोंगराएवढी नाही. पण ती दर वर्षी, न चुकता आणि निराळ्या खात्यात जमली पाहिजे. निवडणूक जवळ आली म्हणून करवाढ टळली, की पहिली कुऱ्हाड पडते ती या खात्यावर. कारण रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर शहरवासी ओरडतो. केंद्राची हवा बंद पडली तर ओरडतो तो खालचा शेतकरी, आणि त्याचे मत त्या नगरपालिकेत नसते.

रोह्याचे गणित थोडे निराळे

रोह्याला शहराबरोबर धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथल्या कारखान्यांचे सांडपाणी सामायिक केंद्रात जाते. अशा सामायिक केंद्रांसाठी १९९१ पासून केंद्र सरकारची योजना होती. २०१२ साली सुधारलेल्या सूत्राप्रमाणे केंद्राने ५० टक्के, राज्याने २५ टक्के आणि उरलेले २५ टक्के कारखानदारांनी घालायचे ठरले. चालवण्याचा खर्च कारखानदारांचा. आपल्या सहकारी सोसायटीसारखेच हे आहे. सगळ्यांनी वाटा वेळेवर भरला, प्रत्येकाने आपापल्या घरी पहिली प्रक्रिया नीट केली, तर पुढचा हौद चालतो. एकाने जास्त जहाल पाणी सोडले तर सगळ्यांचे जिवाणू मरतात.

कुंडलिका नशीबवान नदी आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिला मिळते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात, उन्हाळ्यातही तिच्यात पाणी दिसते. पण पाणी दिसते म्हणून नदी निरोगी असतेच असे नाही. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले. त्या यादीत कुंडलिकेचा आरे खुर्द ते साळाव हा खाडीचा पट्टा होता. शहर आणि वसाहत दोन्ही ओलांडून नदी जेथे आपल्याकडे येते, तोच हा भाग.

एक सावधगिरी येथेच सांगतो. घरगुती सांडपाणी आणि कारखान्याचे सांडपाणी यांत फरक करा. घरगुती पाणी नीट प्रक्रिया होऊन आले तर शेतीला उपयोगी पडते. रासायनिक कारखान्यांच्या केंद्रातले पाणी किंवा गाळ, कितीही निवळलेला दिसला तरी, तपासणीच्या कागदाशिवाय शेतात घेऊ नका.

पुण्या-नागपूरकडून काय घ्यावे?

मोठ्या शहरांची नक्कल आपल्याला परवडणार नाही, पण त्यांच्या अनुभवातून शिकता येते.

पुण्याच्या मुळा-मुठा नद्यांसाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ९९०.२६ कोटींची योजना २०१६ साली ठरली. ८५ टक्के वाटा केंद्राचा, १५ टक्के महापालिकेचा. मार्च २०२२ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा ११ केंद्रांच्या त्याच कामाचा आकडा १,४७० कोटींच्या वर गेला होता. पैसा मंजूर असूनही उशीर झाला की गणित कसे बदलते ते पाहा. आवणी पंधरा दिवस लांबली की उतारा किती घटतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

नागपूरने दुसरी वाट काढली. भांडेवाडीच्या केंद्रातून रोज १३ कोटी लीटरपर्यंत प्रक्रिया केलेले पाणी महानिर्मितीच्या कोराडी वीजकेंद्राला देण्याची सोय झाली. जे पाणी फुकट वाहून जात होते त्याला गिऱ्हाईक मिळाले, आणि तेवढे धरणाचे गोडे पाणी वाचले. गिऱ्हाईक असले की केंद्र चालू ठेवणे भाग पडते, कारण दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहतो. आपल्या तालुक्यांतही शहराचे साफ पाणी कारखान्याला, बांधकामाला, बागांना विकता येईल का, हे केंद्राचा आराखडा कागदावर असतानाच पाहायला हवे.

आपण काय करायचे?

“शहराची योजना, आमचे तेथे कोण ऐकणार?” असे म्हणून गप्प बसू नका. आपली भाजी, आपला वाल, आपला जिताडा खाणारा शहरातच राहतो. पुढील गोष्टी गावाला करता येतात.

१. प्रश्न विचारा. शहरात केंद्र होणार असे कानावर आले की ग्रामपंचायतीने ठराव करून नगरपालिकेला लेखी विचारावे: चालवण्याचा वर्षाचा खर्च किती? तो कोणत्या कराच्या खात्यातून? वीज गेली तर जनरेटर आहे का? ठेकेदाराचा करार किती वर्षांचा? पाणी कोठे सोडणार? उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. प्रत्येक केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते; त्या संमतीपत्रात पाण्याची मापे लिहिलेली असतात. त्याची प्रत गावाच्या दप्तरात असू द्या.

२. नोंद ठेवा. उघाडीशी पाणी काळे आले, वास आला, मासे मेले, तर तारीख, वेळ, भरती की ओहोटी हे वहीत लिहा आणि फोटो काढा. “नेहमीच घाण येते” या तक्रारीपेक्षा दहा तारखांचा कागद भारी पडतो. तक्रार मंडळाच्या कचेरीत आणि तहसीलदारांकडे द्या. काळे पाणी दिसले तर जिताड्याच्या तळ्याची उघाडी त्या भरतीला उघडू नका.

३. पाणी तपासून घ्या. ओलिताच्या पाण्याची विद्युतवाहकता सव्वादोन डेसीसायमनपेक्षा जास्त नसावी. आपल्या जमिनीत आधीच मीठ आहे, तेव्हा आपण त्याच्याही पुष्कळ खाली राहिलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सांगितलेले माप असे: कच्च्या खाण्याच्या भाजीसाठी १०० मिलिलीटर पाण्यात विष्ठेतले जंतू १,००० पेक्षा कमी हवेत आणि लीटरमागे जंताचे एकाहून अधिक अंडे नको.

४. पीक पाहून पाणी द्या. खात्री नसलेले पाणी कोथिंबीर, मुळा, काकडी, माठ यांना देऊ नका. चाऱ्याचे गवत, फुलझाडे, बांधावरची झाडे यांना चालेल. पाणी सरीतून द्या, पानांवर उडवू नका. पाणी धरताना पायात गमबूट आणि हातात मोजे घाला. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज लेकराला घेऊ नका. आणि अशा पाण्यावर घेतलेल्या पिकाला युरिया कमी करा, नाहीतर भात लोळेल.

५. आपल्या दाराशीही पाहा. शहराला बोल लावताना आपल्या मोरीचे पाणी रस्त्यावर सोडू नये. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१ पासून, पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत तरतूद केली. दीड हजार वस्तीच्या गावाचे हे ४ लाख २० हजार रुपये होतात. शोषखड्डा, परसबागेला जाणारी मोरी, गावाच्या टोकाला निवळण्याचा हौद, ही कामे त्यात बसतात. मात्र खारपट्ट्यात पाण्याची पातळी वर असते, म्हणून शोषखड्ड्याऐवजी परसबाग किंवा उथळ हौदच बरा. शौचालयाची टाकी उपसणारा टँकर ओहोळात रिकामा होणार नाही, हेही गावानेच पाहायचे.

आणि येथेही तोच नियम. हौद बांधण्याआधी तो साफ कोण करणार, त्याला महिन्याला काय देणार, हे ठरवा. ते ठरले नाही तर हौद बांधू नका.

काकी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. शहराचे पाणी नुसता पैसा आल्याने साफ होणार नाही. पहिल्या वर्षी पैसा वरून येईल, दुसऱ्या वर्षापासून तो घरोघरून यावा लागेल. तो येतो की नाही याच्यावर नजर कोण ठेवणार? ज्याच्या उघाडीशी पाणी येते त्याने. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या चार ग्रामसभांत हा विषय वहीवर घ्या. निदान एकीत तरी “बिल कोण भरणार?” हा प्रश्न ठरावात लिहून घ्या. आणि त्याच सभेत गावच्या पाणीयोजनेच्या मोटारीचेही विचारा. गंजलेली असली तरी ती दुरुस्त होते. त्या ठरावाचा मसुदा करायला गावाने बोलावले तर मी येईन, आणि या वेळी वैरणीचा हिशेब आधी मांडीन.